कम्युनिटी चांगली, कम्युनल वाईट

माझा भाचा शिकायला इंग्लंडात गेला. राहायला खोली मिळाली, तिचा करारनामा आला आणि त्यातल्या एका पानाचा फोटो त्याने मला पाठवला. खाली लिहिले होते, "मामू, ये क्या है? इथे कम्युनल दरवाजा आहे, कम्युनल जिना आहे, कचरापेटीसुद्धा कम्युनल आहे. आपण कुठल्या दरवाज्याने जायचं?"

पोरगा गंमत करत होता, पण ती नुसती गंमत नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात वाढलेल्या मुसलमान मुलाने हा शब्द एकाच अर्थाने ऐकलेला असतो. या शब्दामागून बंद दुकाने येतात, शांतता समितीची बैठक येते, आई दार लावून घेते. तिकडे मात्र हाच शब्द सायकली लावायच्या जागेवर पाटीसारखा टांगलेला. 'कम्युनल' म्हणजे सगळ्यांचा, सामायिक. आपल्या वाड्यातला चौक किंवा चाळीतला नळ असतो तसा.

मी त्याला लिहिले, की बाबा, बिनधास्त जा, तो दरवाजा सगळ्यांचा आहे. पण मग हा शब्द आपल्याकडे येऊन असा कसा झाला, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आणि गंमत अशी, की ज्या नामापासून हे विशेषण निघाले ते 'कम्युनिटी' आपल्याकडेही चांगलेच राहिले आहे. कम्युनिटी हॉल चांगला, कम्युनिटी किचन पुण्याचे काम, कम्युनिटी रेडिओ उपयोगाचा. त्याच घरातला 'कम्युनल' मात्र गुन्हेगार. आई सोवळी आणि लेक वाळीत, असा हा प्रकार आहे.

मूळ शब्द लॅटिन. 'कॉम' म्हणजे सह, आणि 'मुनुस' म्हणजे कर्तव्य, वाट्याला आलेला भार. देणगी असाही त्याचा अर्थ होतो. म्हणजे 'कॉम्युनिस' हे एकाच रक्ताचे किंवा एकाच देवाचे लोक नव्हेत. एकच ओझे मिळून उचलणारे ते लोक. आपली म्युनिसिपालिटी याच मुळापासून आली, आणि करोनाच्या काळात प्रत्येकाच्या तोंडी असलेली 'इम्युनिटी'सुद्धा. तिचा मूळ अर्थ त्या भारातून मिळालेली सूट. गावाचे गायरान ते 'कॉमन्स', सामान्यांचे सभागृह ते 'हाऊस ऑफ कॉमन्स', चर्चमधला रोटी-द्राक्षरसाचा विधी 'कम्युनियन', १८७१ साली पॅरिसच्या कामगारांनी दोन महिने चालवलेले राज्य 'कम्यून', आणि पुढे कम्युनिझम. यातला एकही अर्थ दंगलीचा नाही.

लांब कशाला जा, गोव्यात बघा. तिथल्या गावकरीला पोर्तुगीजांनी 'कोमुनिदाद' म्हटले. गावची जमीन गावकारांच्या मालकीची सामायिक, तिचे बांध, पाणी, देखभाल सामायिक आणि उत्पन्नात वाटा. १५२६ सालच्या सनदेत पोर्तुगीजांनी या जुन्या रिवाजाची नोंद करून ठेवली. शेजारच्या मुलखात तोच लॅटिन शब्द पाचशे वर्षे जमिनीला आणि पाण्याला चिकटून राहिला. (अर्थात तिथेही वाटा गावकारांच्या पुरुष वंशजांनाच. 'सामायिक' म्हटले की कुणीतरी बाहेर उभा असतोच.)

मग ब्रिटिश हिंदुस्थानात काय झाले?

एकोणिसाव्या शतकात कोर्टांपुढे आणि खानेसुमारी करणाऱ्यांपुढे मोठा प्रश्न होता, की ही माणसे मोजायची कशी आणि यांना कायदा कुठला लावायचा. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे खोजा आणि मेमन यांच्या वारशाचा खटला आला. मुली म्हणत होत्या, आम्ही मुसलमान, कुराणाप्रमाणे आमचा हिस्सा द्या. समोरचे म्हणत होते, आमच्यात मुलींना वाटा देण्याची चाल नाही. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी चाल मान्य केली. म्हणजे त्या वेळी कोर्टाच्या लेखी खोजा हा खोजा होता, त्याचा स्वतःचा रिवाज होता. 'मुस्लिम कम्युनिटी' नावाच्या एका मोठ्या गाठोड्यात तो अजून बांधला गेला नव्हता. १८६६ साली पुन्हा खोजांचेच भांडण मुंबईच्या हायकोर्टात गेले. जमातीची मालमत्ता कुणाची आणि खोजा नेमके कोण? निकाल पहिल्या आगाखानांच्या बाजूने लागला.

चाळीस वर्षांनी, १ ऑक्टोबर १९०६ रोजी, त्यांचेच नातू तिसरे आगाखान पस्तीस जणांचे शिष्टमंडळ घेऊन सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोंना भेटले, ते साऱ्या हिंदुस्थानच्या मुसलमानांच्या वतीने. आजोबांच्या खटल्यात 'आम्ही खोजा कोण' हा प्रश्न होता. नातवाच्या निवेदनात पठाण, बंगाली शेतकरी, कोकणी खलाशी आणि आमच्याकडचे बागवान, मोमीन, शिकलगार सगळे मिळून एक कम्युनिटी झाले. आमच्या पणजोबांना कुणी विचारले नव्हते. त्या शिष्टमंडळात जमीनदार, नबाब, वकील अशी बडी मंडळी होती. व्हाइसरॉयांनी उत्तरात सांगितले, की इथे कम्युनिटींच्या श्रद्धा आणि परंपरा डावलून एकेकट्या माणसाला मताधिकार दिला तर तो फसेल. १९०९ च्या कायद्याने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. 'कम्युनल' हे विशेषण आपल्या राजकारणात रुजले ते इथे. ते शिवी म्हणून आले नाही, कारकुनी शब्द म्हणून आले. कम्युनल म्हणजे कम्युनिटीनिहाय, इतकेच. धर्माधर्मांत तेढ लावणाऱ्यांसाठी १८९८ साली दंडविधानात १५३ अ हे कलम आले होते, आणि त्यात शब्द होता 'क्लासेस', म्हणजे वर्ग.

कारकुनी शब्दाला लाज नसते. १९१६ साली लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार झाला. त्यात स्वतंत्र मतदारसंघ मान्य झाले, आणि मुंबई इलाख्यात निवडून येणाऱ्या हिंदी सभासदांपैकी एक तृतीयांश जागा मुसलमानांना ठरल्या. या कराराच्या मागे लोकमान्य टिळक उभे होते. मालवीयांना तो पसंत नव्हता. आज 'कम्युनल' मतदारसंघांचे पाप एकट्या लीगच्या माथी मारणारे लखनौचे पान घाईने उलटतात.

१९१९ चा कायदा तर आपल्या महाराष्ट्राने मुद्दाम वाचावा. माँटेग्यू आणि चेम्सफर्ड यांनी आपल्या अहवालात कम्युनल मतदारसंघ स्वराज्याच्या वाटेतला अडसर आहेत असे म्हटले, आणि ते कायम ठेवले. शिवाय वाढवले. पंजाबात शीख आले. मद्रास इलाख्यात ब्राह्मणेतरांसाठी २८ जागा राखीव झाल्या. आणि मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा. हे सगळे 'कम्युनल प्रतिनिधित्व' या एकाच मथळ्याखाली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सातारचा मराठा आणि सातारचा मुसलमान दोघेही सरकारी अर्थाने सारखेच 'कम्युनल' होते. पुढे एकाला तो शब्द चिकटला, दुसऱ्याच्या अंगावरून तो कधी गळून पडला हे त्यालाही कळले नाही.

मद्रासमध्ये तर १९२०च्या दशकातल्या सरकारी आदेशाचे नावच 'कम्युनल जी. ओ.'. नोकऱ्यांच्या दर बारा जागांत ब्राह्मणेतर हिंदू ५, ब्राह्मण २, मुसलमान २, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन २, दलित १ असा तो हिशेब. यात द्वेषाची गोष्ट शोधूनही सापडत नाही, वाटणीची मात्र आहे. आमच्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा ठेवल्या, पुढे जातीजातींची वसतिगृहे उभी केली, १९०६ साली मुसलमानांसाठी शिक्षणसंस्था सुरू झाली. जातिभेद वाढवतात असा आरोप त्यांच्यावरही झालाच. ज्यांना पंगतीत बसायला जागाच नव्हती त्यांनी पाटाची मागणी केली की पंगत मोडल्याचा आळ त्यांच्यावर येतो.

१६ ऑगस्ट १९३२ ला ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी जागांची नवी वाटणी जाहीर केली. सरकारी कागदावर 'कम्युनल डिसिजन', लोकांच्या तोंडी 'कम्युनल अवॉर्ड', आणि मराठीत 'जातीय निवाडा'. मुसलमान, शीख, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, युरोपियन, दलित अशी ही यादी. मुंबईत मराठ्यांच्या ७ जागा इथेही होत्या. बायकांसाठी ठेवलेल्या जागासुद्धा कम्युनिटीनिहाय वाटल्या होत्या. दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला, स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. हा इतिहास महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे.

तोवर शब्दाचा रंग मात्र पालटत चालला होता. १९२०च्या दशकात कोहाट, कलकत्ता अशा दंगली झाल्या आणि जे विशेषण जागांना लागत होते तेच रक्तपाताला लागू लागले. कम्युनल सीट, कम्युनल राएट. एकदा असा शब्द हाताशी आला की चौकशीचे निम्मे कष्ट वाचतात. फेब्रुवारी १९२९ ची मुंबईची दंगल घ्या. तेल कंपन्यांच्या कामगारांचा संप चालू होता, तो मोडायला पठाण मजूर लावले गेले होते. पठाण पोरे पळवतात अशी अफवा उठली आणि माणसे मारली गेली. त्यात पोटाचा प्रश्न होता, मालक होता, परमुलखातला मजूर होता. पण नोंद पडली ती कम्युनल म्हणून, आणि तसे म्हटल्यावर मालक कथेतून बाहेर गेला.

या शब्दाची सर्वांत नेमकी चिरफाड बाबासाहेब आंबेडकरांनी केली. ६ मे १९४५ ला मुंबईत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या अधिवेशनात त्यांनी कम्युनल पेचावर भाषण केले. त्यांचा मुद्दा असा, की राजकीय बहुमत घडते, मोडते, पुन्हा घडते. त्याचे दार उघडे असते. कम्युनल बहुमत जन्माने ठरते आणि त्यात बाहेरच्याला शिरता येत नाही. म्हणजे त्यांनी हे विशेषण अल्पसंख्यकाच्या गळ्यातून काढून बहुमताला लावून दाखवले. सतत मागणाऱ्यालाच कम्युनल म्हणायची सवय लागलेल्या देशाला हे वाक्य तेव्हा पचले नाही, आजही घशाखाली उतरत नाही.

फाळणीनंतर तर बोलण्याची सोयच उरली नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये संविधान सभेने स्वतंत्र मतदारसंघ संपवले. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्यकांच्या राखीव जागाही गेल्या. त्या सोडून द्याव्यात असे म्हणणाऱ्यांत बेगम ऐजाज रसूल या मुसलमान सभासद होत्या. यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो ३ एप्रिल १९४८ चा ठराव. धर्म, वंश, जात यांवरून सभासद घेणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या 'कम्युनल' संघटनांना 'कम्युनिटी'च्या धार्मिक, सांस्कृतिक, सामाजिक आणि शैक्षणिक गरजांपलीकडे कुठलेही काम करू देऊ नये, असा त्याचा आशय. एकाच वाक्यात माय आणि लेक समोरासमोर उभ्या केल्या आहेत. कम्युनिटीने मशीद बांधावी, शाळा चालवावी, कबरस्तानाला कुंपण घालावे. तिने राजकारणात तोंड उघडले की ती कम्युनल.

दुसरी गंमत मद्रासच्या आदेशाची. चंपकम दोराईराजन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ९ एप्रिल १९५१ ला 'कम्युनल जी. ओ.' घटनाबाह्य ठरवला. दोनच महिन्यांत पहिली घटनादुरुस्ती झाली आणि आरक्षणाची वाट पुन्हा मोकळी झाली, पण आता नाव होते 'सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले वर्ग'. वाटणी बऱ्याच अंशी तीच, फक्त कलंकित विशेषण काढून टाकलेले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९५२ ला, सरकारने गावोगावी नवी योजना सुरू केली. तिचे नाव 'कम्युनिटी डेव्हलपमेंट'. तिथे कम्युनिटी म्हणजे सारा गाव.

आता मराठीकडे येतो, कारण आपला खरा गोंधळ इथे आहे. कम्युनलला मराठीत आधी 'जातीय' म्हटले गेले. त्यामुळे आपल्याकडे हिंदू-मुसलमान दंगल 'जातीय' असते आणि मुसलमान ही एक 'जात' होते. हिंदीत 'सांप्रदायिक' म्हणतात. टीव्हीमुळे तो आपल्याकडेही शिरला आहे. पण मराठीत सांप्रदायिक म्हणजे वारकरी. सांप्रदायिक भजन, सांप्रदायिक चाल. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला तुम्ही सांप्रदायिक म्हटलेत तर तो हात जोडेल. म्हणून आपल्या पुरोगामी मंडळींनी तिसरा शब्द काढला, 'जमातवाद'. हेतू चांगला होता. पण आमच्या गावात जमात म्हणजे काय ते त्यांना माहीत नसावे. मशिदीच्या इमामाचा पगार देणारी ती जमात. लग्नाची मोठी पातेली, डेग, चटया ज्यांच्या कोठीत असतात ती जमात. मय्यतीला खांदा द्यायला येते ती जमात. नमाजला रांगेत उभे राहणे म्हणजेही जमात. माझ्या आईला 'जमातवादी' म्हणजे काय विचारले तेव्हा ती म्हणाली, "जमातच्या कामाला धावणारा असेल कुणीतरी."

पण जमातीचा कैवार घेताना मी हात आखडता घेतो, तोही सांगायला हवा. याच लॅटिन कुळातला आणखी एक शब्द आहे, 'एक्स्कम्युनिकेशन'. कम्युनिटीबाहेर काढणे, वाळीत टाकणे. मुंबई राज्याने १९४९ साली असा बहिष्कार घालण्यालाच कायद्याने बंदी केली. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सुप्रीम कोर्टात गेले आणि १९६२ साली चार विरुद्ध एक अशा मतांनी तो कायदा रद्द झाला. धर्मव्यवस्था राखण्यासाठी माणसाला बाहेर काढणे हा कम्युनिटीचा अधिकार ठरला. वेगळे मत नोंदवले ते खुद्द सरन्यायाधीश सिन्हा यांनी. असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारकाला पुढे अशा बहिष्काराची झळ सोसावी लागली. हे फक्त बोहरांचे नाही. रायगड जिल्ह्यात गावकीने घरेच्या घरे वाळीत टाकल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला तो त्यामुळेच. १९६२ च्या निकालाचा फेरविचार फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. आम्हाला कुणी कम्युनल म्हटले की आम्ही दुखावतो, ते रास्त आहे. पण आमच्यातल्याच एखाद्याला जमातीने मय्यतीला खांदा नाकारला तेव्हा आम्ही किती वेळा बोललो? आणि १८४७ च्या खोजा मुलींना आठवा. त्यांच्या 'चाली'पासून सुटका व्हायला १९३७ चा शरियत कायदा यावा लागला. म्हणजे छोट्या कम्युनिटीतून मोठ्या कम्युनिटीत ढकलले गेल्यामुळेच त्यांच्या लेकींना हिस्सा मिळाला. तेव्हा मोठे गाठोडे नेहमीच वाईट, असेही मला म्हणवत नाही.

त्या गाठोड्याचा जाच मी अलीकडे जवळून पाहिला. ओळखीतल्या एका बागवान मुलीला ओबीसीचा दाखला हवा होता. बाप फळांचा गाडा लावतो, आजा लावत होता. पण बापाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात 'मुसलमान' आणि आत्याच्या दाखल्यावर 'मुस्लिम'. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. कचेरीतला माणूस म्हणाला, "तुमच्या कम्युनिटीत जाती नसतात ना?" मुलीच्या बापाने काय उत्तर द्यावे? नसतात म्हणावे तर पोरीचे नुकसान, असतात म्हणावे तर मशिदीत कुणी ऐकेल.

तीन महिने हेलपाटे झाले. शेवटी आजाच्या गावच्या प्राथमिक शाळेत जुने रजिस्टर निघाले. वाळवीने कडा खाल्लेल्या. १९५३ च्या पानावर कुण्या गुरुजींनी बोरूसारख्या जाड अक्षरात, त्या रकान्यात मावत नसतानाही, दोन शब्द लिहून ठेवले होते : मुसलमान बागवान. मुलीच्या बापाने त्याची झेरॉक्स काढली, मग आणखी एक काढली, आणि तिसरी लॅमिनेट करून घरी नेली.